घड्याळ तिकडं बदलतंय, गोष्ट इकडून सरकवा

प्रश्न : डॉक्टर, माझी लेक न्यू जर्सीत असते. नातू साडेचार वर्षांचा, नात दहा महिन्यांची. रोज आपल्या पहाटे पाचला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी साडेसातला, मी फोनवर नातवाला गोष्ट सांगते आणि तो झोपतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळं एक तास मागं करतात. गेल्या वर्षी त्यानंतर पंधरा दिवस पोरगं पहाटे पाचला उठून बसायचं आणि संध्याकाळी जेवता जेवता पेंगायचं. लेक रडकुंडीला आली होती. यंदा आधीपासून काय करावं? येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर जायफळ पाठवलं तर चालेल का? आणि गोष्टीची वेळ सहावर गेली तर माझी अडचण होते, सहाला गवळी येतो, घर जागं होतं. (एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

काकू, एकतीस वर्षं या गावात मुलं तपासते आहे. सुरुवातीची वीसेक वर्षं दिवाळीच्या आसपास माझ्याकडं भाजलेली बोटं आणि फराळानं बिघडलेली पोटं यायची. ती अजूनही येतात, पण आता त्यांच्यामागं एखादी आजी मोबाईल घेऊन बसलेली असते आणि पडद्यावर तारवटलेल्या डोळ्यांची लेक. त्यामुळं तुमचा प्रश्न मला नवा नाही. त्यातली तुमची गोष्टीची वेळ मात्र नवी आहे, आणि उत्तर तिथंच दडलंय.

आधी जायफळाचं सांगते, म्हणजे ते डोक्यातून जाईल. पाठवू नका. सहाणेवर एखादा वळसा उगाळून दुधात घातल्यानं बहुधा काही होत नाही, म्हणजे झोपही येत नाही. पण एका वळशानं भागलं नाही की दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि जायफळ जास्त झालं तर विषारीच आहे. मळमळ, धडधड, भ्रम, सगळं होऊ शकतं. दहा महिन्यांच्या बाळाच्या तर आसपासही नको. सर्दीचं औषध दिलं की पोर गुंगतं, हा शोध लागलेल्या आयाही मला दर महिन्याला भेटतात. गुंगी म्हणजे झोप नव्हे, आणि त्यासाठी औषध देऊ नये. तिकडच्या दुकानांत झोपेच्या गोड गोळ्या मिळतात, मेलाटोनिनच्या, चिठ्ठीशिवाय. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा २५ गोळ्या तपासल्या, त्यांतल्या २२ गोळ्यांवर छापलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. एका तासाच्या फरकासाठी लेकीनं त्या वाटेला जाऊ नये.

आता मुद्द्याचं. त्या रविवारी पहाटे दोन वाजता तिकडचं घड्याळ पुन्हा एकवर नेतात. अमेरिकेत २००७ पासून हा असा नेम आहे : मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागं. (शेजारणीचा मुलगा लंडनला असेल तर त्याचं आधी होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आणि भाचा हवाईत असेल तर त्याला हे काहीच नाही.) उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ वापरता यावा म्हणून हे पहिल्या महायुद्धात सुरू झालं. जर्मनीनं एप्रिल १९१६ मध्ये केलं, तीन आठवड्यांत इंग्लंडनं. आपल्याकडंही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, प्रमाणवेळ तासभर पुढं ढकलली होती. युद्ध संपलं, आपण ते सोडून दिलं. फार बरं केलं.

म्हणून तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मला या प्रकरणात लेकीच्या घड्याळापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. ते हलत नाही. जरा हिशेब करून बघा. बदलाआधी नातू आपल्या पहाटे पाचला झोपायचा. तिकडं सकाळी सहाला उठत असेल असं धरू, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला. घड्याळ मागं केल्यावर तो तिकडं पहाटे पाचला उठायला लागला. आपल्याकडं तेव्हा किती वाजले? दुपारचे साडेतीनच. तो जिथं होता तिथंच आहे. त्याचं काही बिघडलं नव्हतं, त्याच्याभोवतीचे आकडे बदलले होते.

आणि आता एक विचारते, राग मानू नका. गेल्या वर्षी त्या पंधरा दिवसांत तुम्ही फोन किती वाजता लावत होता? माझा अंदाज, पाचलाच. तुमची सवय, पहाटेची आंघोळ, देवपूजा, मग फोन. पण घड्याळ बदलल्यावर आपल्या पाचला तिकडं साडेसहा वाजलेले. नातवाच्या शरीराला तशीही तेव्हाच झोप येत होती, त्यात आजीचा आवाज. चार वर्षांच्या मुलाला आकडे कळत नाहीत, क्रम कळतो. जेवण, दात घासणं, दिवा मालवणं, आजीची गोष्ट, की झोप. तुमची गोष्ट हाच त्याचा झोपेचा भोंगा आहे, आणि तो जुन्या वेळेवर वाजत राहिला. लेक तिकडून त्याला जागं ठेवायला ओढत होती, तुम्ही इकडून निजवत होता. पंधरा दिवस लागले यात नवल नाही.

म्हणून यंदा बदलाची दोरी लेकीच्या हातात नको, तुमच्या हातात असू दे. पाव तासांना आपल्या भाषेत नावंच आहेत, ती कामाला लावा. बदलाच्या आधीच्या गुरुवारी सव्वापाचला फोन लावा. शुक्रवारी साडेपाचला, शनिवारी पावणेसहाला, रविवारी सहाला. मग सोमवारीही सहाला, आणि मार्चपर्यंत रोज सहाला. संपलं. लेकीच्या घड्याळात तिला हे विचित्र दिसेल : बुधवारी पावणेआठ, गुरुवारी आठ, शुक्रवारी सव्वाआठ, शनिवारी साडेआठ आणि रविवारी एकदम साडेसात. ती म्हणेल, आई, साडेआठ फार उशीर होतोय. तिला सांगा, तू तुझ्या घड्याळाकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ. आठवड्याच्या गडबडीत एखाद्या दिवशी जमलं नाही तर तीच वेळ दुसऱ्या दिवशी करा, दोन पायऱ्या एकदम चढू नका. हट्टी किंवा हळवं मूल असेल तर पाव तासाऐवजी दहा मिनिटं घ्या आणि दोन दिवस आधी सुरू करा. तुमचा नातू कसा आहे ते तुम्हाला माहीत.

पण नुसती गोष्ट सरकवून भागत नाही. गोष्टीच्या मागं-पुढं जे आहे ते सगळं तिच्याबरोबर सरकायला हवं. रात्रीचं जेवण पाव तास पुढं, आंघोळ पाव तास पुढं, दुपारची डुलकी असेल तर तीही. जेवण साडेसहालाच आणि झोप साडेआठला ठेवली तर मधल्या दोन तासांत पोरगं पेंगणार, रडणार आणि शेवटी सोफ्यावर झोपणार. ती सोफ्यावरची वीस मिनिटं फार महाग पडतात, नंतर दहापर्यंत जागरण.

उजेडाबद्दल मी लेकीशी बोलले असते तर सगळ्यात जास्त वेळ घेतला असता. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका आहे. शरीराचं घड्याळ ते. त्याचा दिवस बरोबर चोवीस तासांचा नसतो, सरासरी थोडा मोठा असतो, आणि त्याला रोज जुळवून घ्यावं लागतं. जुळवतो तो डोळ्यांत शिरणारा उजेड. या घड्याळाच्या आतली चाकं शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना, २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट इतकीच की संध्याकाळचा उजेड हे घड्याळ उशिरावर नेतो आणि सकाळचा उजेड लवकरवर आणतो. लहान मुलांच्या डोळ्यांत तर तो मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो, कारण त्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि भिंगं स्वच्छ.

नोव्हेंबरात नातवाला उशिरावर न्यायचंय. म्हणून लेकीनं त्याला दुपारनंतर बाहेर काढावं, ऊन असेतो बागेत खेळू द्यावं. अडचण अशी की बदलानंतर तिकडं संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा घरातले दिवे जेवणापर्यंत भरपूर लावावेत आणि गोष्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी मालवत न्यावेत. सकाळी उलट. खोलीला जाड पडदे, आणि तो पाचला उठला तरी सहापर्यंत अंधारच. दिवा नाही, मोबाईल नाही, दूध नाही. पाचला दूध मिळतं हे एकदा कळलं की पोट उद्याही पाचला उठवणार, त्याला घड्याळ लागत नाही. शेजारी पडून राहावं, थोपटावं, हळू आवाजात "अजून रात्र आहे" म्हणावं. बाकी गप्पा नकोत. हे लिहायला सोपं आहे. पाचला उठलेलं पोर आणि नऊला ऑफिसची मीटिंग, अशा अवस्थेत मोबाईल हातात देणाऱ्या आईला मी कधी रागावले नाही. पण चार दिवस कळ काढली तर पुढचे दहा वाचतात.

आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण मी अशा लेकींना हमखास देते. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग-धुकं आड आलं तर गोष्ट वेगळी, पण घड्याळात कुणी काही केलं म्हणून ती किरणं तासभर आधी येत नाहीत. अमेरिकेतला बदल नेमका त्याच्या आधीच्या आठवड्यात असतो. पोराचं शरीर हे देवळासारखं आहे, ते मावळतीकडं तोंड करून बसलंय. वेळ बदलायची असेल तर उजेड बदलावा लागतो.

दहा महिन्यांच्या नातीची फार काळजी नको. तिच्या दोन डुलक्या आणि दूध-भाताच्या वेळा भावाबरोबरच दहा-पंधरा मिनिटांनी सरकवल्या की ती मागून येते. या वयात चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते, डुलक्या धरून, नातवाच्या वयाला १० ते १३. ती भरून निघतेय का तेवढं बघा, कोणत्या आकड्याला हे गौण. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर मी म्हटलं असतं, काहीच करू नका, त्याला अजून दिवस-रात्रच पुरती कळलेली नाही.) रात्री ती पहिल्यासारखीच उठली तर तो घड्याळाचा दोष नाही, दातांचा असेल.

मार्चचं उलटं आहे, आणि माझ्या मते मोठ्या मुलांना तेच जास्त जड जातं. तुमच्या गोष्टीची वेळ तेव्हा सहावरून पुन्हा पाचवर आणायची, म्हणजे मुलाला लवकर झोपवायचं. आणि लवकर झोपवणं कुणाच्याच हातात नसतं.

इथं माझीच एक चूक सांगते. दवाखाना काढून दोन-तीन वर्षं झाली असतील. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मे महिनाभर मामाच्या गावाला राहून पोरगं रात्री अकराला झोपायचं. शाळेची रिक्षा सकाळी पावणेसातला. मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, आजपासून नऊला दिवा बंद. चार दिवसांनी त्या परत आल्या. पोर नऊ ते अकरा अंथरुणात लोळतंय, रडतंय, पाणी मागतंय, आजोबा म्हणतात कशाला छळता लेकराला, नवरा-बायकोत भांडण. मी काय म्हणावं? "अजून कडक राहा." आज आठवलं की लाज वाटते. नेहमीच्या झोपेच्या आधीचा तास-दोन तास हा शरीराचा सगळ्यात जागा काळ असतो हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तिन्हीसांजेनंतर पोरं जी उधळतात, दिवाणावरून उड्या मारतात, तो हाच काळ. त्यात त्यांना अंथरुणात घालणं म्हणजे भर बाजाराच्या वेळी दुकान बंद करायला सांगणं.

नंतर मी उलट्या बाजूनं सांगायला लागले, आणि गेली पंचवीसेक वर्षं तेच सांगते. झोपवायची वेळ सोडा, उठवायची धरा. मुलाला झोपवता येत नाही, उठवता येतं. पहिल्या दिवशी पाव तास लवकर उठवा, रात्री कितीही उशिरा झोपलेलं असो. उठल्या उठल्या बाहेर उजेडात न्या. दुपारी हिशेबापेक्षा जास्त झोपू देऊ नका. एक-दोन दिवस चिडचिड होईल, मग रात्रीची झोप आपोआप अलीकडं येते. मग दुसरा पाव तास. तुमच्या लेकीनंही मार्चमध्ये आधी सकाळ सरकवावी, तुमची गोष्ट तिच्या मागून एक-दोन दिवसांनी.

हे वाचणाऱ्या ज्यांची लेकरं इथंच आहेत त्यांनी अमेरिकेला हसू नये. तिकडं वर्षातून दोनदा एक तास हलतो. आपल्याकडं घड्याळ हलत नाही, शाळा हलते. उन्हाळा लागला की "सकाळची शाळा". काल साडेदहाला भरणारी शाळा आज सातला. साडेतीन तासांचा फरक, एका रात्रीत, आणि आपण म्हणतो पोरं सकाळी लई किरकिर करतात. पुन्हा जूनमध्ये तेच. शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मला मनापासून पटलं. पण पाचवीपासून पुढची पोरं आहेतच.

आपल्या गावाची आणखी एक गंमत. देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि आपण ७४ अंशांच्या जरासे पुढं. म्हणून सूर्य आपल्याकडं घड्याळाच्या मानानं सुमारे तेहतीस मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. जूनमध्ये सहाच्या सुमाराला उजाडतं, जानेवारीत सातच्या पुढं. पावणेसातच्या रिक्षासाठी थंडीत पोराला उठवता तेव्हा त्याच्या शरीराच्या लेखी ती रात्र असते. त्यातून घराचं वेळापत्रक. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, रात्री साडेअकराला येतात, आणि पोरगं "पप्पा आल्याशिवाय झोपणार नाही" म्हणून बसतं. अशा घराला मी दहाला झोपवा सांगून काय उपयोग? त्यांना मी सांगते, पप्पांनी सकाळी उठून रिक्षापर्यंत सोडायला जावं, भेट तिथं. दोन-तीन घरांत हे चाललं. एका घरात पप्पाच उठले नाहीत.

एक गोष्ट मात्र वेळेच्या हिशेबात बसत नाही आणि तिच्यासाठी डॉक्टरलाच दाखवावं : मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत झोपत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, किंवा पुरेसं झोपूनही दिवसा पेंगत असेल. टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढलेलं पोर घड्याळ सरकवून बरं होत नाही.

आणि काकू, डिसेंबरात ती मंडळी कोल्हापूरला येणार असतील तर साडेदहा तासांचा फरक पडतो, तिथं हे पाव-पाव तासांचं गणित चालत नाही. आल्या दिवसापासून सकाळी रंकाळ्यावर उन्हात फिरवा, दुपारी तासाभराच्या वर झोपू देऊ नका, आणि आठवडाभर नातवाच्या रात्री दोनच्या भुकेसाठी डब्यात पोळी ठेवा.

राहिला गवळी. सहाला तो येणार, किटली वाजणार, सून चहाला आधण ठेवणार. तुम्हाला वाटतं गोष्टीत व्यत्यय येईल. पातेलं झाकणासकट बाहेर ठेवा आणि खुशाल गोष्ट चालू ठेवा. रोज त्याच ठिकाणी येणारा आवाज मुलांना जागं करत नाही, तो क्रमात जाऊन बसतो. ससा बिळापाशी पोचला की गवळ्याची किटली वाजते, एवढं महिनाभर जमवा. मार्चमध्ये वेळ पाचवर आली की नातूच विचारेल, आजी, आज किटली का नाही वाजली?